गुळगुळीत भिंत

"आई, चुना का पुट्टी? सांग ना लवकर, मोतीलालकाका खोळंबून राह्यले," प्रफुल म्हणाला.

"चुनाच बरा," अनुसयाबाई म्हणाल्या.

"काऊन?"

आता या ‘काऊन’ला काय उत्तर द्यावं माउलीनं! डोळ्यांतला उजेड पार गेला होता, आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नवरा दौलतराव आणि पोरगा दिवसभर वांग्याच्या वावरात. त्यांना वाटे, हिला जरा कमी दिसतं. भिंती बाईंनीच तरुणपणी हातानं लिंपलेल्या. चुन्याखाली बोटांचे फराटे अजून लागत. खोलगट लागलं की दार, उंचवटा लागला की चूल. भिंत चाचपत त्या घरभर फिरत. त्यांच्या आईचे डोळे असेच गेले होते, मावशीचेही. आणि आता प्रफुलचं जुळत आलेलं. पुलगावचे सोयरे घर पाहायला आष्टीत येणार होते. घराण्यात आंधळेपण आहे म्हटल्यावर पोरगी कोण देणार?

"चुना सोयऱ्यायच्या कपड्याले लागते जी वहिनी," मोतीलाल रंगारी म्हणाला. "माती खरवडतो, सिमिटाचा गिलावा मारतो, वरून पुट्टी. भित कशी चकाचक!"

"कर बाप्पा," अनुसयाबाई म्हणाल्या.

पुट्टी चढली त्या संध्याकाळी घरात कुणी नसताना त्या उठल्या. दाराजवळ आणि बैठकीत पाहुण्यांची सतरंजी पडते तिथे ओल्या पुट्टीत अंगठा दाबून ठेवला. जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी मोतीलालनं "कोन्या पोट्ट्यानं बोटं खुपसली बे!" म्हणत ते खळगे बुजवले, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासले. बाजेवर बसून बाई ती खरखर ऐकत राहिल्या. ओरडावंसं वाटलं. ओरडून सांगणार काय, कपाळ!

सोयरे आले. विहीणबाईंना कुंकू लावायला अनुसयाबाई वाटी घेऊन निघाल्या. भिंतीवरचा हात नुसता घसरत गेला. खूण नाही, खळगा नाही. आपल्याच घरात बाई हरवल्या.

"या ना जी, इकडं बसलो आमी," विहीणबाई म्हणाल्या.

आवाज नव्या भिंतींवर घुमून चहूकडून आला. अनुसयाबाईंनी देवाचं नाव घेतलं, कुंकवात बोट बुडवलं आणि पुढे टेकवलं. गार, टणक लागलं.

सतरंजीवर कुजबुज उठली.

"आई, काय करून राह्यली?" प्रफुलचा आवाज चिरकला.

अनुसयाबाईंनी बोट काढलं नाही.

"भित पाहून राह्यली बाप्पा," त्या हसून म्हणाल्या. "मस्त गुळगुळीत झाली."