चौदा वर्षे पाहिलेली खोली

मी एक जुनी कळ आहे, आणि आत्याला ती नोकरी मिळाली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेले नाही. ते मी खोडले आहे. खोडणे हेच माझे काम असल्यामुळे गोष्टीचा शेवट चुकून आधी बाहेर सांडला तरी मला घाम फुटत नाही. कोणती आत्या, कसली नोकरी, आपल्याला काहीच ठाऊक नाही असा चेहरा करा. छान. पुन्हा सुरुवात करू.

मी एक जुनी कळ आहे. कळ म्हटल्यावर काहींना पोटात उठणारी आठवते, तर काहींना शेजाऱ्याची काढायची. मी त्यातली नाही. मी कीबोर्डवरची कळ, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात राहणारी. मला बॅकस्पेस म्हणतात. पूर्वी माझ्या अंगावर एक बाण होता. दाबून दाबून तोही खोडला गेला.

माझा जन्म साच्यात झाला. एकाच दिवशी, एकाच तापलेल्या प्लॅस्टिकमधून आम्ही शंभरावर बहिणी निघालो. अक्षरांच्या कळांना पहिल्यापासून ताठा. आमच्यावाचून भाषेचे अडते, म्हणत. स्पेसबार काहीच लिहीत नाही, पण तिला लांबीचा गर्व. मला कारखान्यातल्या तपासनिसाने दहा वेळा दाबून पाहिले आणि शेजारच्याला म्हणाला, “ही जरा टिकाऊ हवी. माणसं चुकतात फार.” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक, आणि पुढे बराच काळ तेवढेच.

तिथून मी जिन्याखालच्या एका दुकानात आले. एक संगणक, एक प्रिंटर, दोन खुर्च्या आणि बाहेर पाटी: ‘बायोडेटा करून मिळेल’. दुकानाची मालकीण तिशीची होती, पण तिच्या वडिलांच्या वयाची माणसेही तिला ताईच म्हणत. ताईकडे एक तयार मजकूर होता. ‘प्रगतिशील संस्थेत माझ्या गुणांना वाव मिळावा व संस्थेची उत्तरोत्तर भरभराट व्हावी.’ नळदुरुस्तीवाला येवो की नृत्यशिक्षिका, हा मजकूर सगळ्यांना बसायचा. एकदा तो शववाहिकेच्या चालकाच्या बायोडेटातही बसला होता. ती भरभराट मी वेळेवर खोडली.

लोक पान हातात घेऊन म्हणत, “काय छान लिहिलंय!” काय छान खोडलंय, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. असो.

या ताईची आत्या एका लहान इस्पितळात चादरींच्या खोलीत कामाला होती. इस्पितळ बंद पडले. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळाला चादरींच्या भांडारासाठी प्रमुख हवी होती. ही नोकरी हुकली, तर आत्याला आपली भाड्याची खोली सोडून भावाकडे, म्हणजे ताईच्या वडिलांकडे, राहायला जावे लागणार होते.

“दादा वाईट नाही,” आत्या म्हणाली. “पण तो मला सगळं बसल्या जागी आणून देईल. बावन्नाव्या वर्षी मला पाहुणी नाही व्हायचं गं.”

ताईने तयार मजकूर लावला, अनुभवापुढे एक ओळ लिहिली आणि अर्ज पाठवला. चार दिवसांनी दुपारी तीन वाजता भरती अधिकाऱ्यांचे उत्तर आले. ताईने आत्याला बोलावून घेतले आणि ते मोठ्याने वाचून दाखवले.

‘आपण चौदा वर्षे चादरींची खोली पाहिलीत, हे वाचून आनंद झाला. खोली पाहून झाल्यावर आपण काय केलेत, ते आज पाच वाजेपर्यंत एका पानात कळवावे. पाने दोन झाल्यास विचार केला जाणार नाही.’

“मेला चेष्टा करतोय का?” आत्या म्हणाली.

“नाही गं, मीच लिहिलं होतं तसं. ‘चादरींची खोली पाहिली.’”

“मग? पाहिलीच की मी. दुसरं कोण पाहत होतं?”

“आत्या, संग्रहालयसुद्धा लोक पाहतातच. तू केलंस काय ते सांग. सकाळी गेलीस, दार उघडलंस. पुढे?”

“पुढे काय, रोजचंच. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?”

ताईने ‘दैनंदिन कामे’ असे लिहिले. मग माझ्यावर बोट ठेवले आणि ते पुसून टाकले.

“किती खाटा होत्या?”

“साठ. खाटेमागे चार चादरी धरायच्या. एक माणसाखाली, एक धुण्यात, एक दोरीवर, एक कपाटात.”

“कधी कमी पडल्या?”

“कमी?” आत्याने अशा सुरात विचारले, की जणू तिच्याकडे कधी मंगळवार कमी पडला होता का, अशी चौकशी झाली आहे. “नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हासुद्धा नाही. मी आधीच्या आठवड्यात जुन्या ट्रंकेतल्या जास्तीच्या सगळ्या काढून धुऊन ठेवल्या होत्या.”

“पाणी जाणार हे तुला कसं कळलं?”

“बाहेर रस्ता खणत होते ना! रस्ता खणला की पाणी जातंच. त्याला काय अक्कल लागते?”

ताईची बोटे जोरात चालू लागली. आत्याला मात्र अजून वाटत होते, की ही पोरगी उगाच वेळ काढते आहे. संसर्गाच्या खोल्यांतल्या चादरींना कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका असायचा, लाल टाक्याचे वेगळे उकळायचे आणि चौदा वर्षांत एकही चादर चुकीच्या खाटेवर गेली नाही, हे तिने जांभई देत सांगितले.

“टाका घालायला कोणी सांगितलं होतं?”

“सांगतंय कोण!”

“अजून काही?”

“काही नाही. हां, घडी माझी जरा वेगळी असते. एका हाताने झटकली की उघडते.”

“एका हाताने कशाला?”

“नर्सच्या दुसऱ्या हातात माणूस असतो ना गं.”

मित्रांनो, ताईने ते वाक्य आत्या बोलली तसेच उतरवून घेतले. माझ्याखाली रबराची एक इवलीशी वाटी असते, तेवढाच माझा जीव. ती वाटी भरून आल्यासारखी झाली. ‘कष्टाळू’, ‘होतकरू’, ‘ताण सहन करण्याची क्षमता’ असे लाखो शब्द मी येता-जाता पाहिले होते. त्यातला एकही शब्द कधी कुणाच्या पाठीखाली हात घालून उभा राहिला नव्हता. आणि ही बाई चौदा वर्षे, न दिसणाऱ्या नर्सचा न दिसणारा हात मोकळा राहावा म्हणून, रोज साठ-साठ घड्या घालत होती. एवढे मोठे काम एवढ्याशा खोलीत मावले कसे, याचा मी अजून विचार करते.

मग ताईने वर जाऊन ‘पाहिली’ खोडायला घेतले. आधी वेलांटी गेली, मग ल. दुसरी वेलांटी, मग ह. मग काना. शेवटी प. त्या जागी नवी क्रियापदे आली: राखली, उकळली, ओळखले, घातल्या. प्रत्येकापुढे आकडा.

पावणेपाच वाजले तेव्हा पान सव्वा झाले होते. ताई हताश झाली. आत्याने धीर द्यायला चहाचा कप पुढे केला आणि त्यातले चार थेंब नेमके माझ्यावर पडले. चहा गोड होता. मी अडकले.

मजकूर शेवटापासून मागे खाल्ला जाऊ लागला. ‘वरील माहिती खरी आहे’ गेले. ‘छंद: वाचन, प्रवास’ गेले.

“अगं, सगळं जातंय!” ताई ओरडली.

“जाऊ दे, मी कुठे प्रवासाला गेले होते?”

‘नेतृत्वगुण व संघभावना’ गेली. प्रगतिशील संस्था तिच्या भरभराटीसह गेली. ताईने कीबोर्ड उलटा करून पाठीत एक धपाटा घातला, तेव्हा कुठे मी सुटले. शेवटची ओळ उरली होती ती घडीची आणि नर्सच्या हाताची. पान बरोबर एक.

“परत आणू का गेलेलं?”

आत्याने पडद्याकडे पाहिले. “नको. घर आवरल्यासारखं दिसतंय.”

पाचला चार मिनिटे असताना अर्ज गेला. मागाहून ताई सगळ्यांना सांगायची, की नको ते बरोबर गेलं, हवं ते बरोबर राहिलं. याला कोणी माझा चोखंदळपणा समजू नये. मी चिकटले होते.

आठवड्याने आत्या मुलाखतीहून थेट दुकानात आली आणि चप्पल न काढताच बसली.

“काय विचारलं?”

“काही नाही. एक चादर दिली. मी घडी घातली. त्या भरती अधिकाऱ्याने एका हातात फोन धरला, दुसऱ्या हाताने चादर झटकली. उघडली. परत घडी घालायला लावली. तीनदा. मग शेजारच्या खोलीतून अजून दोघांना बोलावलं, या या, हे बघा म्हणाला.”

“मग?”

“मग काय, सोमवारपासून ये म्हणाले.” आणि आत्या, जिला चौदा वर्षांत कधी चादर कमी पडली नव्हती, ती डोळे पुसायला रुमाल शोधू लागली. तो तिच्याकडे नव्हता.

चहानंतर मी अधूनमधून अडकते. ताईने नवा कीबोर्ड आणला. आता मी खणात असते, सोबत एक वाकडा स्टेपलर आणि कुणाचे तरी न नेलेले फोटो. तक्रार नाही. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, अर्ज लिहायला बसाल. तेव्हा आपण काय होतो ते लिहू नका, काय केले ते लिहा. ते आठवत नसेल, तर ‘पुढे? अजून?’ असे विचारणारे माणूस शेजारी बसवा. आणि चहा लांब ठेवा.

जाता जाता एक अर्ज.

प्रति, सर्व भरती अधिकारी, सर्व कचेऱ्या.

विषय: रकाना वाढवून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, नोकरीच्या विहित नमुन्यात ‘जे नीट झाल्यामुळे कोणाच्या लक्षातच आले नाही असे काम’ हा नवीन रकाना तातडीने समाविष्ट करण्यात यावा, त्यास किमान अर्धे पान जागा द्यावी व जागा अपुरी पडल्यास पुरवण्या जोडण्याची मुभा असावी. पुरवण्यांच्या संख्येवर मर्यादा घालू नये. सदर रकाना वाचताना अधिकाऱ्यांनी उभे राहावे.

निर्णय होईपर्यंत अर्जदार खणात उपलब्ध आहे.