पाच फुटांचा चेक

मी एक जुना चेक आहे. लांबी पाच फूट. मित्रांनो, हसू नका, मलाही बराच काळ वाटायचं की मी खरा आहे.

माझा जन्म अमेरिकेत, आयसेलिन गावातल्या एका साइनबोर्डच्या दुकानात झाला. साड्यांच्या सेलचा बोर्ड माझा सख्खा भाऊ. त्याच्यावर 'पन्नास टक्के सूट' छापलं, माझ्यावर 'दोन हजार डॉलर'. मी स्वतःला थोर समजू लागलो. भावानं निदान दिलेला शब्द पाळला.

गणपतीत खमंग मराठी मित्रमंडळाच्या स्टेजवर शिक्षणासाठीची मदत म्हणून मला उल्काच्या हातात देण्यात आलं. उल्काची नोकरी गेली होती. एकटी आई. घर बेकारी भत्त्यावर आणि सरकारी फूड कार्डावर चालायचं, आणि तिला नर्सिंगची डिग्री करायची होती. टाळ्या कडाडल्या.

"अगं उल्का, चेक जरा खाली धर," अध्यक्ष रवींद्रकाका म्हणाले, "स्पॉन्सरचा लोगो झाकतोय!"

"काका, खरा चेक कधी मिळेल?"

"अगं, मिळाल्यातच जमा आहे!"

बाहेरून मदत मिळाली की कॉलेजला कळवायचं असा नियम होता. उल्का सरळ बाई. तिनं दुसऱ्याच दिवशी कळवलं. कॉलेजनं तिचं मनापासून अभिनंदन केलं आणि स्वतः देणार होते त्यातले दोन हजार कापले.

खरा चेक आलाच नाही. काकांना फोन केला की उत्तर यायचं, "कमिटीत डिस्कशन चालू आहे."

शेवटी उल्काच्या मुलीनं, सात वर्षांच्या केयानं हट्ट धरला आणि मला बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूला नेण्यात आलं. मी कारच्या खिडकीत अडकलो. काचेमागच्या बाईंनी मला नीट वाचलं, आणि केयाला लॉलीपॉप दिला. आमची एकूण वसुली तेवढीच.

उल्काला दोन विषय सोडावे लागले. राहिला शरीरशास्त्राचा. एके दिवशी तिनं मला उलटं केलं आणि माझ्या कोऱ्या पाठीवर मार्करनं माणसाचा सांगाडा काढला. केया एकेका हाडावर बोट ठेवायची, उल्का नाव सांगायची. मित्रांनो, आयुष्यात माझा कुणाला उपयोग झाला तो एवढाच, आणि तोही पाठीचा.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी रवींद्रकाका घरी आले.

"तो बोर्ड दे गं. नावावर स्टिकर लावू. रियूज! पर्यावरणाचा पण विचार करायला हवा ना."

"काका, मागं सांगाडा काढलाय मी."

"मागं कोण बघतंय! आणि या वर्षी तुझंही बघू, प्रॉमिस."

उल्कानं मला दिलं. तिनं काकांवर विश्वास ठेवला, मी तिच्यावर.

आता माझ्यावर शिवांगीचं नाव होतं. तीही नोकरी गेलेली, कडेवर बाळ. स्टेजवर तिनं मला एका हातानं धरलं आणि मी फिरलो. अख्ख्या हॉलला सांगाडा दिसला.

"आई!" केया खुर्चीवर उभी राहून ओरडली. "दॅट्स अवर स्केलेटन!"

लोक हसले. उल्का हसली नाही. ती सरळ स्टेजवर गेली आणि शिवांगीच्या कानात कुजबुजली, पण माईक चालू होता.

"पैसे खात्यात येईपर्यंत कॉलेजला सांगू नकोस हं. ते त्यांची मदत कापतात. आणि हे पैसे येत नाहीत."

हसू थांबलं. शिवांगीनं मला काकांच्या हातात परत दिलं.

"काका, मग छोटाच द्या. आत्ता."

काकांनी खिसे चाचपले, मग माझ्याआड तोंड लपवलं. त्या कामाला मात्र मी अगदी मापाचा निघालो.

मित्रांनो, कुणाला मदत करायची तर जरूर करा. फक्त ती पाकिटात मावेल एवढी असू द्या. पाच फुटांची मदत बँकेत शिरत नाही. मी स्वतः जाऊन आलोय.