ओढलेल्या फरश्या

काकांनी गुडघ्याचा पट्टा आवळला आणि फरशी चिकटवून उचलायच्या दोन्ही रबरी वाट्या तिच्यावर दाबल्या. "दोनशे बारा," ते म्हणाले. मी वहीत फरशीचा नंबर लिहिला. चौथ्या दिवशी आमच्यात एवढंच बोलणं उरलं होतं.

सर्व्हरच्या खोलीतली जमीन खरी जमीन नसते. खाली गुडघाभर पोकळी असते, तिच्यातून थंड हवा आणि केबली जातात, आणि वर लोखंडी पायांच्या सांगाड्यावर सुट्या फरश्या बसवलेल्या असतात. इथली जमीन एकोणीस वर्षांपूर्वी काकांनीच घातली होती. आता सर्व्हर चालू ठेवून ती बदलायची होती. माझं काम धूळ मोजायचं आणि नोंदी ठेवायचं.

काम शनिवारी संपणार होतं. सोमवारी काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं; तारीख मिळायला चौदा महिने लागले होते. खालचे कुठले पाय डुगडुगतात ते एकट्या काकांना ठाऊक, म्हणून काम संपल्याशिवाय रजा नाही, असं ठेकेदारानं बजावलं होतं.

"ही तारीख चुकली, तर पुढच्या वेळी चौघांच्या खांद्यावरूनच जाईन," काका म्हणायचे.

काल सहाव्या रांगेतल्या दोन सर्व्हरचे पॉवर सप्लाय जळले होते. वायरिंगचीच चूक म्हणून इथल्या साहेबांनी वायरमनला सगळ्यांसमोर झापलं होतं.

दोनशे बारा वर आली तेव्हा मी तिच्या पोटाखाली टॉर्च तिरपा धरला. राखाडी पत्र्यावर काहीतरी चमकलं. केसाहून बारीक, ताठ, शेकडो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर असे तंतू वर्षानुवर्षं आपोआप वाढतात, हे मी वाचलं होतं. पाहत होते पहिल्यांदाच.

"काका, हलवू नका."

"मग काय कडेवर घेऊन बसू? पंधरा किलो आहे, तुझी वही नाही."

मी सांगितलं. हे तंतू तुटले की हवेबरोबर सर्व्हरमध्ये शिरतात आणि शॉर्ट सर्किट करतात.

काकांनी विचारलं, "सरळ उचलली तर तुटतात?"

"फारसे नाही."

"आणि ओढली तर?"

मी वही मागे उलटली. सहावी रांग, काल सकाळ. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: सांगाड्यावर ताजे ओरखडे.

"अकरा ओढल्या," काका म्हणाले. "सरळ उचलायची तर बसून उठावं लागतं. हा गुडघा उठूच देत नव्हता."

"उरलेल्या सरळ उचलल्या तर शनिवारी होईल," मी म्हणाले. माझं मलाच ते पटलं नाही.

"आणि त्या अकरांची धूळ? ती काय माझ्या सोयीनं खाली बसून राहील?" ते म्हणाले. "सगळं झाडून पुसून घ्यायला तीन आठवडे जातील. बिचाऱ्या वायरमनला फुकट बोलणी बसली."

मग ते दुखऱ्या गुडघ्यावर सगळा भार टाकत खाली बसले आणि फरशी जागेवर ठेवली. चारी कोपरे एकदम टेकले. जराही आवाज झाला नाही. त्यांनी कपाळ पुसलं आणि तिथेच बसून काकूंना फोन लावला.

"अगं, सोमवारचं राहू दे."

पलीकडचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला. "माझ्याशी कशाला, त्या फरशीशीच लग्न करायचं होतंत!"

"ती वेळेवर बोलत नाही गं. तिथेच तर घोळ झाला."

फोन ठेवून त्यांनी पट्टा सैल केला.

"साहेबांना बोलाव," ते म्हणाले. "वायरमनलाही. त्यांनाच इथे यायला सांग, मला काही उठवत नाही."