विझलेली डिस्क

फ्लॉईडने कॅथरिनचे केस मुठीत धरले आणि तिचं कपाळ टेबलावर आपटलं. दुसऱ्या हाताने भिंतीतला प्लग खेचला. कॉम्प्युटर बंद पडला.

"वाडीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कुठे आहे?"

त्याने पुन्हा आपटलं. या वेळी ओठ फुटला.

सांडोर गावातल्या घराच्या ओटीवरच तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. फ्लॉईड कुणी परका नव्हे, सख्ख्या काकाचा मुलगा. केळीच्या वाडीच्या वाटणीवरून त्याने परवा तिच्या भावाला, स्टॅनीला, गेटपाशी सळईने फोडलं होतं. स्टॅनी अजून शुद्धीवर आला नव्हता. पोलीस विचारत होते, साक्षीदार कोण? साक्षीदार एकच, तो कॅमेरा. आणि गिऱ्हाइकांना उठताबसता बॅकअपचे धडे देणाऱ्या या शहाण्या बाईची स्वतःची कॉपी काढायची राहून गेली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

"चालू कर. कुठे कुठे ठेवलंयस ते दाखव."

तिने प्लग लावला. टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात दोन काळ्या हार्ड डिस्क होत्या, अगदी सारख्या. एकीत कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. दुसरीत आई, लुईझा. मरणाआधीच्या वर्षात तिने गावची सगळी लग्नगीतं गाऊन ठेवली होती. तो आवाज आता दुसरीकडे कुठेच नव्हता.

काळ्या पडद्यावर कॅथरिनने कमांड टाकली. दोन डिस्कच्या दोन ओळी उमटल्या. खालची ओळ कॅमेऱ्याची, हे तिच्या बोटांना पाठ होतं. फ्लॉईडची नजर रस्त्याकडे वळली तेवढ्यात तिने आणखी एक कमांड टाकून खालची डिस्क बंद केली, आणि पहिली कमांड पुन्हा चालवली. आता एकच ओळ. दिवा विझलेल्या डिस्कबद्दल त्याने विचारलंच तर सांगायचं, गिऱ्हाइकाची आहे, बिघडलेली.

"बघ. एकच डिस्क आहे."

"एकच?"

"एकच."

मग तिने टेबलाखाली पाहिलं. विझलेल्या डिस्कवर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. आईची डिस्क चटकन ओळखता यावी म्हणून तिनेच दिलेला.

प्लग खेचला होता ना मेल्याने! कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला की जी डिस्क आधी सापडेल ती वर, नंतरची खाली. वरची खाली गेली होती, खालची वर. हे काय कॅथरिनला माहीत नव्हतं? रोजचं काम तिचं. पण कपाळावर मार बसला की माणूस सवयीनेच चालतो. स्टॅनीचा साक्षीदार हिरवा दिवा मिचकावत बसला होता, आणि फ्लॉईड वाकून त्याच्याकडेच हात नेत होता.

"पुसत नाही बसत. फोडूनच टाकतो."

"थांब," कॅथरिन म्हणाली. "ती नाही."

"मग?"

"दुसरी. विझलेली. खोटं बोलले मी. तुला दिसू नये म्हणून मीच बंद केली. तुझं सगळं तिच्यात आहे."

मग त्याची लाथ तिच्या पोटात बसली. ती खुर्चीसकट आडवी झाली.

"मला उल्लू बनवतेस? मला?"

त्याने लाल ठिपक्याची डिस्क हिसकावली, उंबऱ्यावर ठेवली आणि दाराशी टेकवलेली सळई उचलली. पहिल्या घावाला प्लास्टिक फुटलं. दुसऱ्याला आतली चकती वाकली. कॅथरिन सरपटत पुढे आली, त्याचा पाय धरला.

"नको रे! फ्लॉईड, पाया पडते, नको!"

तिला नाटक करावं लागलं नाही. डिस्कचे तुकडे होईपर्यंत तो मारत राहिला. मग घामेघूम होऊन वळला आणि सळईने दुसरी दाखवली.

"आणि हिच्यात काय?"

कॅथरिनने तोंडातलं रक्त गिळलं.

"आई आहे. तिची गाणी. तुझ्या लग्नात म्हटलेली तीपण."

सळई खाली आली. लुईझाकाकीच्या हातचं खाऊनच तर हा वाढला होता. त्याने बाहीने तोंड पुसलं, वाकून ती डिस्क वायरीतून सोडवली आणि तिच्या मांडीवर ठेवली. हळू ठेवली.

कॅथरिनने ती छातीशी आवळली आणि उंबऱ्यावरच्या तुकड्यांकडे बघत हंबरडा फोडला.

"आता रडतेस कशाला?" फ्लॉईड दारातून म्हणाला. "काकी राहिली ना तुझ्याकडे."