दुःखाचा दहावा हिस्सा

डोक्यावर पत्र्याचा घुमट असलेली मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. बायकांचे ओले केस वाळवण्यासाठी मला बनवलं होतं. आता माझ्या घुमटातून गरम वारा येत नाही, माझी वायर केव्हाच कापली गेली. तरी लोक माझ्यावर येऊन बसतात. ते केस वाळवायला येत नाहीत. कशाला येतात, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडे इटलीतल्या एका कारखान्यात झाला. कामगारांनी माझ्या घुमटात पंखा आणि तापणारी तार बसवली, लाल रेक्झिन शिवून चढवलं आणि मला पेटीत बंद केलं. पेटी उघडली ती अलेक्झांड्रियाच्या बंदरावर. तिथे खाऱ्या वाऱ्याने माझ्या खिळ्यांना जे धरलं, ते आजवर सोडलेलं नाही. मदाम कलिओपी नावाच्या ग्रीक बाईंनी मला विकत घेतलं. त्यांच्याकडे केस धुवायला एक मुलगी होती, शहीरा. मदाम म्हाताऱ्या झाल्या आणि अथेन्सला मुलाकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी मला शहीराच्या हवाली केलं. "दर शुक्रवारी पूस गं हिला, नाहीतर गंजून जाईल," एवढंच त्या म्हणाल्या.

शहीराने अलेक्झांड्रियातल्याच बाकोस भागात, ट्रामच्या थांब्यामागच्या गल्लीत, स्वतःचं छोटं पार्लर काढलं. एका बाजूला लोणचीवाला, दुसऱ्या बाजूला इस्त्रीवाला. ती माझी सगळ्यात चांगली वर्षं.

माझा घुमट सुरू झाला की कानात असा घोंघाट व्हायचा की बसलेल्या बाईला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. मग ती ओरडून बोलायची, आणि आपण हळूच कुजबुजतोय असं तिला वाटायचं. "सासूने माझा फ्रिज स्वतःच्या खोलीत नेलाय!" हे लोणचीवाल्यालाही ऐकू जायचं. शहीरा सगळं ऐकून घ्यायची. केस वाळले की घुमट वर करायची, कंगवा फिरवायची आणि दोन वाक्यं बोलायची. कधी शहाणपणाची, कधी नुसती थट्टेची. पैसे फक्त केसांचे. बायका जाताना म्हणायच्या, "केस करायला आले होते, डोकंच हलकं झालं." माझ्या हातावर थाप मारून जायच्या. मला ती थाप फार आवडायची.

पण दिवसभर उभं राहून शहीराच्या पायांच्या शिरा फुगल्या. संध्याकाळी ती माझ्यावर बसून पाय स्टुलावर ठेवायची आणि डोळे मिटून घ्यायची. अशाच एका संध्याकाळी तिची भाची नशवा आली. नशवाने दुबईत फोनवरून फ्लॅट विकले होते. नवऱ्याने सोडलं, नोकरी गेली, आणि ती एक सुटकेस घेऊन परत आली होती. मुलगी वाईट नव्हती, मित्रांनो. तिला मावशीच्या पायांचं खरंच वाईट वाटलं.

"मावशी, तू हे जे बोलतेस ना बायकांशी, त्याचे दुबईत पैसे घेतात," ती म्हणाली. "लाइफ कोच म्हणतात त्यांना. बसून काम. पायाला त्रास नाही."

"बोलण्याचे पैसे?" शहीरा हसली. "मग लोणचीवाल्याने ऐकण्याचे मागितले तर?"

"थट्टा नको. किती घेशील सांग."

शहीराने बराच विचार केला. "दोनशे गिनी. चहा धरून." गिनी म्हणजे आमच्याकडचा रुपया, मित्रांनो.

"दोनशेत कोण ऐकेल तुझं? दोनशे गिनीचा सल्ला माणूस पायरी उतरेपर्यंत विसरतो." नशवाने स्टूल पुढे ओढलं. "ऐक. तासाचा भाव सांगायचाच नाही. आधी विचारायचं, या दुःखापायी आजवर तुमचं किती नुकसान झालं? त्यांनाच आकडा काढू द्यायचा. गेलेली नोकरी, औषधं, वाया गेलेली वर्षं, सगळं धरून. मग त्याचा दहावा हिस्सा मागायचा. त्यांना स्वस्तच वाटेल."

"आणि नाही म्हणाली तर?"

"नाही म्हणायला वेळच द्यायचा नाही. म्हणजे उलट, भरपूर वेळ द्यायचा. आकडा सांगितला की गप्प. तिच्याकडे बघायचं नाही. खाली मान घालून चहा ढवळायचा. आधी जो बोलेल तो हरला."

शहीरा पायाच्या शिरांवरून हात फिरवत राहिली. माझ्या स्प्रिंगांना तिचं वजन त्या दिवशी उगाचच जास्त वाटलं.

पुढच्या आठवड्यात आरसे उतरले. भिंतींना मळकट गुलाबी रंग लागला. एका माणसाने माझं लाल रेक्झिन फाडून पांढरं कापड चढवलं. घुमट मात्र नशवाने ठेवला, फोटोत छान दिसतो म्हणून. "पण हा आवाज नको," ती म्हणाली, आणि माझी वायर कापली गेली. तेव्हापासून माझ्याखाली बसणाऱ्या बाईला स्वतःचा शब्द न् शब्द ऐकू येऊ लागला. आणि स्वतःचं ऐकू यायला लागलं की माणूस ओरडत नाही. माझ्यावर बसून रडणाऱ्या बायका आता आवाज न करता रडायच्या.

पहिली आली बँकेतली एक मुलगी. तिला नऊ हजार सांगितले. दोघी मावशी-भाची चहा ढवळत बसल्या. मुलीचा श्वास माझ्या पाठीला कळत होता, आत, बाहेर, आत. शेवटी ती म्हणाली, "बरं." तिचं काम झालंही. साहेबाला जे सांगायचं ते तिने सांगितलं आणि तिला बढती मिळाली. तिने चार जणींना आमचा पत्ता दिला. नशवाने दर वाढवला. दर वाढला की गर्दी ओसरेल असं शहीराला वाटलं होतं, ते उलटंच झालं. ज्यांनी जास्त पैसे दिले, त्या जास्त ऐकू लागल्या. दोनशे देणारी बाई सल्ला विसरली असती. एवढे मोजलेल्या बाईला विसरणं परवडत नव्हतं. शहीरा सहज काही बोलली तरी ती घरी जाऊन तसंच्या तसं करायची.

शहीराच्या पायांची सूज उतरली. तिने चांगले बूट घेतले. पण मधेच बोलता बोलता ती थांबायची आणि आपण काय बोललो ते आठवून बघायची.

मग इन्साफ आली.

इन्साफ जुनी गिऱ्हाईक होती. घरी शिवणकाम करायची. तिचा नवरा रगब, ट्राम चालवून निवृत्त झालेला; कसबी माणूस म्हणून सगळे त्याला मानाने 'उस्ता' म्हणायचे. जुन्या दिवसांत ती माझ्या घुमटाखाली ओरडायची, "दिवसभर ट्रामच्या घंटेसारखी बडबड ऐकावी लागते गं या माणसाची!" या वेळी तिची तक्रार वेगळी होती.

"बोलतच नाही," ती म्हणाली. "गेल्या हिवाळ्यापासून. बाल्कनीत बसतो. काही विचारलं तर मान हलवतो. मी काय भिंतीशी बोलू?"

शहीराच्या ओठावर काहीतरी आलं होतं. माझी खात्री आहे. पूर्वीची शहीरा असती तर म्हणाली असती, जाताना घेवड्याची गरम उसळ घे, त्याच्यासमोर बस आणि तो खातो कसा ते बघ. पण नशवा आधी बोलली.

"या गप्प राहण्यापायी तुमचं किती नुकसान झालं, मदाम इन्साफ?"

"नुकसान?" इन्साफ गोंधळली. "नुकसान कसलं, नुसतं वाईट वाटतं."

"झोप लागते?"

"नाही लागत."

"झोप नाही म्हणजे शिवण कमी. किती कपडे परत गेले या वर्षी? स्वतःचं दुकान काढायचं होतं ना तुम्हाला? ते का नाही झालं? कोणामुळे?"

मित्रांनो, बाई आली तेव्हा तिचं दुःख मुठीत मावेल एवढं होतं. माझ्यावर बसल्या बसल्या ते वाढत गेलं. लग्न झाल्यापासूनची सगळी वर्षं त्यात आली. दुकान आलं, न झालेल्या सहली आल्या, एकदा त्याने सासूसमोर केलेला अपमान आला. शेवटी जो आकडा निघाला तो ऐकून इन्साफ स्वतःच घाबरली. त्याचा दहावा हिस्सा नशवाने सांगितला. चमचे कपात फिरू लागले.

दुसऱ्या दिवशी इन्साफ पैसे घेऊन आली, तेव्हा तिच्या हातात लग्नातली सोन्याची बांगडी नव्हती. मला तेव्हाच भीती वाटली. ज्या दुःखासाठी बांगडी गेली, ते दुःख आता लहान कसं असेल? बारीकसारीक होतं म्हणायची तिला सोयच उरली नाही. दर बैठकीला ती नवऱ्याचा एखादा नवा गुन्हा शोधून आणायची आणि शहीरासमोर ठेवायची. शहीरा मान डोलवायची. एकदा शहीरा म्हणाली, "तुला तुझी किंमत कळली पाहिजे, इन्साफ." ते वाक्य नशवाने शिकवलेलं होतं. त्याच आठवड्यात इन्साफ शिवणयंत्र घेऊन दमनहूरला भावाकडे निघून गेली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, भर दुपारी, उस्ता रगब आमच्या दारात उभा राहिला. अंगात इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक सोडून एक लावलेली. नशवाने त्याला माझ्यावर बसवलं. तो जपून बसला, दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवून. त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा गार होता. एवढी माणसं माझ्यावर बसली, पण तो गारवा मला नवा होता.

"बोला, काका," नशवा म्हणाली.

तो बोलायला लागला. शब्द एकेक करून, मधे मोठ्या फटी ठेवत यायचे. "इन्साफ... घर... तिला..." कपाळावर घाम आला. "तुम्ही... ऐकते ती. तुमचं."

"तिला परत आणायचंय?" नशवाने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली. मग खिशावर हात ठेवून म्हणाला, "किती?"

नशवाने मावशीकडे पाहिलं. शहीराचा चेहरा उतरला होता. पण तिने नेहमीची पद्धत मोडली नाही. "पंचवीस हजार, उस्ता," ती म्हणाली, आणि तिने नजर खाली वळवली.

दोघी चहा ढवळू लागल्या.

त्याचा उजवा हात माझ्या हातावरून घसरला. आधी बोटं, मग मनगट. त्याचं सगळं वजन एका बाजूला कलू लागलं, माझी त्या बाजूची स्प्रिंग दबली आणि दबलेलीच राहिली. त्याने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, माझ्या पाठीला तो थरथरताना जाणवला. आवाज आला नाही. घुमटात वारा असता तर मी गर्जना केली असती. खोलीत फक्त दोन चमच्यांचा आवाज होता. नशवाला वाटलं, काका पक्का सौदेबाज आहे. शहीराला काय वाटत होतं ते मला माहीत नाही. ती ढवळत होती. चहा केव्हाचा निवला असावा.

तो माझ्यावरून खाली पडला, तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

रगब वाचला. पण त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की असाच एक लहान झटका मागच्या हिवाळ्यात येऊन गेला असणार, तेव्हापासून शब्द अडत असतील. घरात कोणाच्या लक्षात आलं नाही का, असंही त्यांनी विचारलं. त्याला लाज वाटत असेल, म्हणून तो गप्प बसत असेल.

इन्साफ दमनहूरहून आली ती सरळ इस्पितळात गेली. पुढे एके सकाळी ती आमच्याकडे आली. नशवा बाहेर गेली होती. शहीराने पाकिटात पैसे घालून तयार ठेवले होते, ते पुढे केले. इन्साफने हात लावला नाही. माझ्यावर बसलीही नाही.

"पैसे राहू दे," ती म्हणाली. "एवढंच सांग, शेवटचं काय बोलला तो? मला त्याचा शेवटचा शब्द हवाय."

शहीराने खोटं सांगितलं असतं तर मी तिला माफ केलं असतं. पण ती म्हणाली, "'किती' म्हणाला."

"कशाचं किती?"

"तुला परत आणायचे."

"आणि तुम्ही सांगितलंत?"

"मी सांगितलं."

"मग?"

"मग आम्ही थांबलो."

"कशासाठी थांबलात, शहीरा?"

इन्साफने तिच्या उत्तराची वाट पाहिली, अगदी शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघत. मग ती दार ओढून घेऊन निघून गेली.

शहीराने त्या दिवसानंतर कोणाला सल्ला दिला नाही. ती आता दुसरीच्या पार्लरमध्ये केस धुते, उभी राहून. पाय पुन्हा सुजले असतील. मला मात्र नशवाने समुद्रासमोरच्या एका उंच इमारतीत आणलं. तिथे ती एकटीच बसते. दर पुन्हा वाढला आहे. दाराबाहेर थांबणाऱ्यांसाठी तिने आता एक बाकही ठेवला आहे, आणि तो रिकामा नसतो. माझ्या खिळ्यांवर गंज चढतोय. मला शुक्रवारी कोणी पुसत नाही, आणि त्याचं मला काही वाटत नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कोणी हल्ली गप्प गप्प झालं असेल, तर आजच त्याच्यासमोर जाऊन बसा. घास उचलताना त्याचा हात कसा उठतो ते बघा, शब्द अडला तर तिथेच थांबा, आणि मान खाली घालू नका. त्याला इथे यायची वेळ येऊ देऊ नका. माझ्यावर बसलेल्या माणसाला काय होतंय ते सगळ्यात आधी मला कळतं, आणि मला हाक मारता येत नाही.