काचेवरचे सुभेदार

उंब्रजच्या शालूबाईंनी चौपन्नाव्या वर्षी गाडी चालवायचं लायसन काढलं, तेव्हा अर्ध्या गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं आणि उरलेल्यानं पदराचेही कष्ट घेतले नाहीत. बाईंनी सगळ्यांना फाट्यावर मारलं. त्यांना एक छोटी नवी गाडी हवी होती, स्वतःच्या नावावर. त्यासाठी घरातली जुनी विकायची ठरली आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं.

जुनी गाडी नवऱ्याच्या नावावर. आकाराम फौजेतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण सुभेदारी काही अंगातून उतरली नव्हती. गाडीच्या मागच्या काचेवर हातभर अक्षरांत 'सुभेदार आकाराम' लिहिलेलं. गिऱ्हाईक मिळालं ते शालूबाईंचा चुलतभाऊ, रहिमतपूरचा जयराज. बोलणं असं गोड, की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. त्यानं तीन लाख रोख दिले आणि चावी उचलली. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

"गाडी नावावर कवा करून घेतोस रं?" शालूबाईंनी विचारलं.

"आक्का, घाई काय हाय? काचेवर दाजींचं नाव हाय म्हणून नाक्यावर पोलीस अडवत न्हाई, उलट सलाम ठोकतोय. ते पुसायचं लय जिवावर येतंय बघ."

झालं! सुभेदार फुगले. आपण घरात बसून शेंगा फोडायच्या आणि आपलं नाव सातारा-सांगली रस्त्यानं सलाम घेत हिंडायचं, आणखी काय पाहिजे माणसाला? कराडचा तारिक विम्याची कामं करायचा. तो बिचारा फॉर्म घेऊन दोनदा येऊन गेला. "साहेब, आरटीओत नाव तुमचं आहे तोवर गाडी तुमचीच. उद्या काय झालं तर तुमच्यावर येईल."

"सुभेदाराचा शब्द हाय. कागद कशाला?"

शालूबाईंनी कपाळावर हात मारला. "फौजेत कागदाबिगर दोन दिसांची रजा मिळाली न्हाई ह्यास्नी, आन् आता कागद कशाला म्हणं!"

श्रावणात विमा संपला. सुभेदार म्हणाले, गाडी विकली, मग हप्ता मी का भरू? जयराज म्हणाला, पॉलिसी दाजींच्या नावावर, मग मी का भरू? दोघांनाही आपापलं बोलणं फार शहाणपणाचं वाटलं. गाडी बिनविम्याची पळत राहिली.

गणपती गेले आणि आठवड्यात जयराजनं फोनवर बोलता बोलता दूध घालणाऱ्या सिद्धूच्या मोटारसायकलला धडक दिली. सिद्धूचा पाय दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी गाडी ठाण्यात लावली आणि हवालदार थेट सुभेदारांच्या दारात आला. सलाम-बिलाम काही नाही.

"मी गाडी विकली हाय," सुभेदार म्हणाले.

"कागद दाखवा."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. दाखवायला मिशीशिवाय काही नव्हतंच.

ठाण्यात जयराज आधीच बसला होता. "साहेब, मी नुसता चालवत होतो. गाडी दाजींची. आरसी बघा, न्हाईतर काच बघा." तसं त्यानं लिहूनही दिलं. शालूबाई बघतच राहिल्या. ह्याच हाताला त्या दर वर्षी राखी बांधत होत्या! त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

वकिलानं सांगितलं, विमा नाही म्हणजे भरपाई मालकाच्या मानेवर. सिद्धूची बायको दवाखान्याच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली होती. तिला बघून शालूबाई घरी आल्या, मोरीत जाऊन रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी नव्या गाडीसाठी ठेवलेले तीन लाख त्यांनी सिद्धूच्या उपचाराला दिले. नवी गाडी गेली.

दसऱ्याच्या तोंडावर कोर्टानं जुनी गाडी सोडली, मालकाच्या ताब्यात. ठाण्याच्या आवारात जयराज हजर! "सुटली बया एकदाची! आणा आक्का, चावी."

"कसली चावी?"

"माझ्या गाडीची."

"तुझी कशी? तूच लिहून दिलंयस, गाडी दाजींची."

"आक्का, तीन लाख दिल्यात मी!"

"कागद दाखव."

जयराजनं दाजींकडं बघितलं. दाजींनी बुटांकडं बघितलं.

"तुझं तीन लाख सिद्धूच्या पायात गेल्यात," शालूबाई म्हणाल्या. "जा, त्याच्याकडं माग. आन् फुडच्या राखीला येऊ नगंस."

जयराज पाय आपटत गेला. तारिक नवा विमा आणि नाव बदलायचे फॉर्म घेऊन फाटकाशी उभाच होता.

"आवं, हितं सही करा," शालूबाई म्हणाल्या. "गाडी माझ्या नावावर हुतीया."

सुभेदारांनी बॉनेटवर फॉर्म ठेवून मुकाट सह्या केल्या. शब्दाचं नावही काढलं नाही. मग बाईंनी पिशवीतून ब्लेड काढून त्यांच्या हातात दिलं.

सुभेदार मागच्या काचेपाशी गेले आणि आपलंच नाव खरवडायला लागले. 'सुभेदार' निघालं. तिथं त्यांचा हात थांबला.

"नुसतं 'आकाराम' राहू दे का?" त्यांनी हळूच विचारलं.

शालूबाई स्टिअरिंगवर बसून आरसा नीट करत होत्या. "नगं," त्या म्हणाल्या. "मला मागचं दिसत न्हाई."