तेवीस मुक्या पायऱ्या

बारावर आणलं तरी आवाज नाही. शिवमूर्ती अप्पांनी बटण दाबत दाबत आकडा अठरावर नेला, वीसवर नेला, तरी स्पीकर गप्प. चोवीसवर मात्र भजनातली बाई दाराआडून बोलल्यासारखी एकदम ऐकू आली. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि समोरच्या पेटीकडे असं पाहिलं, जणू तिनं भर बाजारात त्यांची टोपी उडवली असावी.

पेटी त्यांची स्वतःची, घरी केलेली. जुन्या स्टॅबिलायझरचा पत्र्याचा खोका, त्याला समोर दोन बटणं आणि एक लाल आकडा. एक बटण दाबलं की आवाज चढणार, दुसरं दाबलं की उतरणार. शून्य म्हणजे मुकं, त्रेसष्ट म्हणजे पूर्ण. आत सहा रिले, म्हणजे विजेवर ओढले जाणारे खटके. पहिला रिले आवाज एका मापानं कापायचा, दुसरा दोन, तिसरा चार, असं करत सहावा बत्तीस. कुणी कधी ओढायचं हे ठरवायला बोटभर लांबीचा निळा बोर्ड. हे सगळं सामान अप्पांनी हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्सच्या कोटी बाजारात दिवसभर फिरून आणलं होतं. बोर्डाचा प्रोग्राम मोबाइलवरच्या व्हिडिओत बघून अक्षर अन् अक्षर उतरवला होता. इंग्रजी सातवीनंतर सुटलेलं, त्यामुळे एकेक कंस लावायला अकरा दिवस गेले. पण शेवटी रिले टकटकले. अप्पांनी झाकणावर बोट ठेवून प्रत्येकाची टकटक मोजली, सहाही बरोबर होते.

मग तेवीस पायऱ्या मुक्या का?

त्यांनी मीटर लावलं. दहाव्या पायरीवर मीटर सांगत होतं, तारेत आवाज आहे. कान सांगत होता, नाही. मीटर खोटं बोलतंय म्हणून त्यांनी मीटरचा सेल बदलला. नवा सेल घालूनही मीटर आपलं तेच सांगत राहिलं. स्पीकर बदलला, वायर बदलली. माइक-स्पीकरच्या मशीनच्या धंद्यात तीस वर्षं गेलेल्या माणसाची मती गुंग झाली होती.

पेटीची घाई होती, कारण उदगीर जिल्हा व्हावा म्हणून तहसीलसमोर धरणं चालू होतं आणि मंडपाचा माइक अप्पांचा होता. ते साल दुष्काळाचं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि अप्पांच्या गल्लीत बाराव्या दिवशी टँकर. जिल्हा झाला तर पाणी कसं येईल, हे नीट कुणालाच सांगता येत नव्हतं, पण दोन्ही मागण्या एकाच फलकावर होत्या. मंडपाच्या पलीकडेच कोर्ट. आवाज फार मोठा म्हणून कोर्टातून दोन तक्रारी आल्या होत्या. तिसरी आली की परवानगी रद्द, मशीन जप्त.

"बोलायला उठलेला गडी बटण फिरवतो, मी काय करू?" अप्पा म्हणाले होते. "सर, नंबरचा कंट्रोल करतो. आकडा ठरवून कुलूप लावतो. तीस वरसात माझ्या मशीनला नाव न्हाई ठेवलं कुणी."

साहेबराव सर म्हणजे समितीचे सचिव, निवृत्त शिक्षक. सरांनी लगेच आपला जुना लॅपटॉप प्रोग्रामासाठी अप्पांच्या घरी पाठवून दिला होता. दोघांची दोस्ती जुनी. भेटले की अप्पा "जय भीम" म्हणायचे आणि सर लिंगायतांचं "शरणार्थ". ज्यानं त्यानं दुसऱ्याचा नमस्कार घ्यायचा, हा त्यांचा शिरस्ता.

शेवटी अप्पांनी उपाय काढला. प्रोग्रामात एका जागी 'अधिक तेवीस' असं लिहून टाकलं. आता पेटीवर एक दिसलं की आत चोवीस. पहिल्याच पायरीला आवाज येऊ लागला. वरच्या तेवीस पायऱ्या फुकट गेल्या, पण तेवढा आवाज लागतो कुणाला? अप्पा खूश झाले. दोन दिवसांपूर्वी त्यांचा मूड फार बिघडला होता. अंगणवाडीत मदतनीस असलेली त्यांची बायको गुरम्मा कामावर गेलेली, अप्पा घरी पेटी उघडून बसलेले, आणि टँकर गल्लीत येऊन निघूनही गेला. घरात एक घागर भरली गेली नाही. अप्पा टँकरवाल्याशी कचाकचा भांडले होते. "हॉर्न न वाजवता येऊन राहिला का रे तू?" तो बिचारा म्हणाला, "अप्पा, चार डाव वाजवला की." खोटारडा, असं अप्पांचं मत झालं आणि तेच कायम राहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी मंडपात बसली. बोलणाऱ्यानं "हॅलो, हॅलो" म्हणायचं, मग टोकाला लिंबाखाली बसलेल्या अप्पांकडे बघायचं, आणि अप्पांनी हात वर केला की सुरू करायचं, ही तीस वर्षांची रीत. लग्न असो, पुण्यतिथी असो, अप्पांचा हात वर झाल्याशिवाय उदगिरात कुणी तोंड उघडत नसे.

"पाचवर हाय सर," अप्पा म्हणाले. "त्रेसष्टातले पाच. लई हळू."

सरांनी कान चोळला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. पण आकडा पाच होता आणि हात अप्पांचा होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

दहा मिनिटांत हवालदार आले. त्यांच्या लग्नातही मशीन अप्पांचंच होतं, म्हणून ते आधी बाजूला घेऊन बोलले.

"अप्पा, काय लावलंय हे? आत जजसाहेबांना सुनावणीतलं एक अक्षर ऐकू येईना."

"पाचवर हाय हो. बघा की आकडा."

"पाच असो की पन्नास. कानठळ्या बसून राहिल्या. आज मशीन बंद करा. उद्या एक दिवस देतो, ते बी तुमच्याकडं बघून. उद्या तक्रार आली की उचलून नेणार."

अप्पांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "मोठा होता अप्पा. मला वाटलं, तुम्हाला ठाव असंल."

अप्पांना तर तो आवाज अगदी बेताचा वाटला होता. पेटी काखेत मारून ते घरी निघाले. वाटेत दोनदा थांबून त्यांनी पेटी हलवून पाहिली, आत काही सुटलंय का म्हणून.

घरी आल्या आल्या त्यांनी 'अधिक तेवीस' पुसून टाकलं. चूक त्यातच असणार. भजन लावलं, शून्यापासून पुन्हा एकेक पायरी चढू लागले. चार, सहा, आठ. स्पीकर नेहमीसारखा मुका. नवावर असताना आतून गुरम्माचा आवाज आला.

"ओ, भजन लावलंय तर नीट मोठ्यानं लावा, न्हाईतर बंद करा. नुसती कुरकुर."

अप्पांचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"तुला ऐकू येऊन राहिलं?"

"मग? मी काय बहिरी हाय का?"

एवढं म्हणून गुरम्मानं जीभ चावली. पिठाचे हात तसेच घेऊन ती दारात येऊन उभी राहिली. अप्पा लाल आकड्याकडे बघत होते.

"तोंड तिकडं कर," ते म्हणाले. "ऐकू आलं की बोट वर कर."

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. अप्पांनी शून्यापासून सुरुवात केली. नवावर बोट वर झालं. पुन्हा केलं, मुद्दाम मध्ये थांबून, तिला फसवून. नऊ. तिसऱ्यांदाही नऊच. स्वतःच्या कानावर त्यांनी किती वेळा करून पाहिलं होतं याची गणती नव्हती, आणि प्रत्येक वेळी चोवीस.

मीटर खरं बोलत होतं, टँकरवालाही. आणि कोर्टाच्या त्या पहिल्या दोन तक्रारी? बटण कुणीच फिरवलं नव्हतं. आवाज अप्पांनीच लावला होता, आपल्या कानाला बेताचा वाटेल एवढा. अप्पांना भीती वाटली. तीस वर्षांत कधी वाटली नव्हती एवढी.

"तुला कधीपासून ठाव हाय?"

"गेल्या संक्रांतीपासून. मी कडी वाजवत राहिले अन् तुम्ही आत रेडिओ खोलून बसलेले. दार उघडंना."

"सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू?" गुरम्मा म्हणाली. "अख्खं गाव तुमच्या हाताकडं बघून बोलतंय. मी एकटीनं काय म्हणून सांगू?"

तिनं पदरानं डोळे पुसले आणि पदराला पीठ लागलं.  पेटीच्या झाकणाचे चार स्क्रू अप्पांनी सावकाश, एकेक करून घट्ट केले.

सकाळी मंडपात सरांशिवाय अजून कुणी आलं नव्हतं, तेव्हा ते साहेबराव सरांसमोर जाऊन उभे राहिले. जय भीम म्हणायचंही विसरले.

"सर, पेटी बराबर हाय. कान गेलेत माझे. मशीन राहू द्या, पण आवाज लावायला दुसरा कुणी बघा."

सरांनी त्यांच्या काखेतल्या पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आकडा लावायला कान कशाला लागतो अप्पा? आकडा दिसतो की."

"पण कितीवर, ते कोण सांगणार?"

उत्तर मागूनच येत होतं. त्या दिवशी बायकांचं धरणं होतं. रिकाम्या घागरी घेऊन चाळीस-पन्नास बायका तहसीलकडे येत होत्या आणि त्यांत गुरम्मा होती, अंगणवाडीची रजा टाकून. बायका मंडपात बसल्या, ती मात्र थेट पलीकडे गेली. कोर्टाच्या भिंतीला टेकून, घागर मांडीशी घेऊन बसली.

सर माइकवर एकेक आकडा म्हणत राहिले आणि अप्पा चढवत राहिले. चौदाला गुरम्मानं मान हलवली, काही नाही. सतराला काही नाही. एकोणिसाला तिनं बोट वर केलं. अप्पांनी आकडा अठरावर उतरवला, बटणांवर पत्र्याचं झाकण बसवलं आणि त्याला कुलूप घातलं.

अकरा वाजता कोर्ट भरलं. सर माइकपाशी उभे राहिले. "हॅलो, हॅलो," म्हणाले. आणि मग, सगळं माहीत असूनही, नेहमीसारखे लिंबाखाली बघून म्हणाले,

"अप्पा, बराबर हाय का?"

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. अप्पांनी कोर्टाच्या भिंतीकडे पाहिलं. गुरम्मा घागरीवर हात ठेवून शांत बसली होती, बोट खाली होतं. अप्पांनी हात वर केला.

सर बोलू लागले. अप्पांना मात्र त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. पेटीवर तळहात ठेवून ते दिवसभर अठराचा आकडा राखत बसले.